झोपून दाखव असं कुणी म्हणालं नाही

नवीन पनवेल
१८ ऑगस्ट १९९७

विश्वजीत,

‘प्रिय’ लिहावं की नाही ते ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. राग आला तर येऊ दे, पण मग चार ओळी लिहून रागव. आधीच्या दोन पत्रांना तुझं साधं कार्डसुद्धा आलं नाही.

आणि आत्याबाई, तुम्हाला नमस्कार. टपाल तुम्हीच घेता आणि तुम्हीच फोडता, हे मला कराडला असतानाच कळलं होतं. माझ्या आईचं पहिलं पत्र मला मिळालं तेव्हा त्याच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लागलेलं होतं. म्हणून मुलाशी बोलता बोलता मी तुमच्याशीही बोलणार आहे. सासूला वगळून पत्र लिहिण्याइतकी मी अडाणी नाही.

तर विश्वजीत, आषाढात नव्या नवरीनं सासरी राहू नये म्हणून तू मला इथे आणून सोडलंस. एसटी स्टँडवर बाबांच्या हातात माझी बॅग दिलीस, उभ्या उभ्या चहा प्यायलास आणि म्हणालास, "श्रावण लागला की येतो न्यायला." श्रावण लागला. पंचमी झाली. शेजारच्या काकू रोज गॅलरीतून विचारतात, "रुचिरा, अजून इथेच का गं?" मी सांगते, "हो, पनवेलची हवा मानवते मला." बॅग मात्र अजून भरलेलीच आहे. आईनं विचारलं तर म्हणते, कपाटात जागा नाही.

न्यायला तू आला नाहीस, काल धर्मराजकाका आले. ज्या तोंडानं त्यांनी आपलं लग्न जमवलं त्याच तोंडानं बाबांना म्हणाले, "मुलीला घोरण्याचा रोग आहे ते तुम्ही लपवलंत. ही फसवणूक आहे. कराडला येऊन चार माणसांत कबूल करा, मग नांदवायचं की नाही ते बघू. नाहीतर सोडचिठ्ठीचे कागद करावे लागतील." बाबा भिडस्त माणूस. मान खाली घालून बशीतलं बिस्किट मोडत बसले. मग मीच बाहेर आले. काकांना जे सांगितलं ते तुलाही सांगते, कारण काका तुमच्याकडे माझं अर्धंच सांगतील.

मला बघायला आलात तेव्हा तुम्ही जीपभर माणसं होतात. चालून दाखव म्हणालात, चालले. गाणं म्हण म्हणालात, म्हटलं. सुईत दोरा ओवला, पेपरातला अग्रलेख मोठ्यानं वाचला, वेणी सोडून केस दाखवले. आत्याबाई, तुम्ही माझी हनुवटी धरून सगळ्यांना म्हणालात, "जिवणी लहान, हनुवटी चिमणीएवढी. नाजूक आहे पोरगी." झोपून दाखव असं कुणी म्हणालं नाही. म्हणाला असतात तर तेही दाखवलं असतं. पोह्याची बशी बाजूला सारून तिथेच ताणून दिली असती.

आईला माहीत होतं का? मी घोरते हे माहीत होतं. घोरणं हा लपवण्यासारखा रोग असतो हे तिला माहीत नव्हतं. तुम्हाला तरी कुठे माहीत होतं? मामंजींचं घोरणं गल्लीच्या टोकाला ऐकू जातं आणि तुम्ही कौतुकानं त्याला घराची राखण म्हणता. त्यांनी केली तर राखण आणि मी केली तर फसवणूक, हा कुठला न्याय?

मी माफी मागणार नाही. बाबांनाही मागू देणार नाही. नांदायचं आहे मला, पण "आम्ही फसवलं" हे तोंडानं म्हणून नाही.

रुचिरा


१२ सप्टेंबर १९९७

विश्वजीत,

गौरी आल्या, जेवल्या आणि गेल्या. लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला सून घरात नव्हती, तेव्हा आल्यागेल्यांना काय सांगितलंत? बाळंतपणाला गेली म्हणालात की काय? तीन महिन्यांत तेवढं होत नाही म्हणावं.

धर्मराजकाका जिथे जातील तिथे सत्यनारायणाची गोष्ट सांगताहेत. मग मीच सांगते. हो, मी पूजेत झोपले. साधुवाण्याची कथा चालली होती, मी तुझ्या हाताला हात लावून पाटावर बसले होते, आणि तुझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरायला लागले. भटजी थांबले. सगळे हसले. मी दचकून जागी झाले तेव्हा तुझा कान लालबुंद झालेला दिसला. तू माझं डोकं खांद्यावरून हळूच ढकललंस. ते ढकलणं मला अजून जाणवतं.

त्यानंतर आत्याबाईंनी माझ्या ब्लाऊजच्या पाठीला आतून सुपारी शिवली, म्हणजे उताणी झोपले की टोचेल. नाकात तूप सोडलं. जेवण अर्धं केलं. मी सगळं मुकाट्यानं करून घेतलं, कारण मलाही वाटत होतं की चूक माझीच आहे. सकाळी उठले की डोकं ठणकायचं. धुणं धुताना झोप यायची, भाकरी थापताना यायची. तुमच्या घरात सगळे म्हणायचे, माहेरी लाडावलेली आहे, आळशी आहे. मीही तसंच म्हणायला लागले होते.

आता ऐक. इथल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे बाबा मला घेऊन गेले. त्यांनी टॉर्च मारून घसा पाहिला आणि विचारलं, "झोपेत श्वास थांबतो का? थांबलेला कुणी पाहिलाय?"

पाहिलाय ना. तू पाहिलायस. लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता. तू मला गदागदा हलवून उठवलंस आणि म्हणालास, "अगं, तू श्वासच घेत नव्हतीस." मी तुला पाणी दिलं. मला दिलं नाहीस, मी तुला दिलं! दुसऱ्या दिवसापासून तू गच्चीवर झोपायला लागलास आणि सगळ्यांना सांगितलंस, खाली उकडतं. मला इथे सोडण्याआधी तुमच्या घरात बैठक बसली, तिथे काका "घोरते, घोरते" म्हणत होते, तेव्हा तू खुर्चीच्या कडेला बसून बोटं मोडत होतास. श्वास थांबतो हे त्या खोलीत फक्त तुला माहीत होतं. तू बोलला असतास तर तिथेच कुणीतरी डॉक्टरचं नाव काढलं असतं.

मला तुझी एक ओळ हवी आहे. ‘मी पाहिलं आहे’ एवढीच. डॉक्टरांना दाखवायला हवी. तार करायची नाही, वकील लावायचा नाही, पोस्टकार्डावर लिही.

उलव्याहून मासळी घेऊन येणारी गोदूबाई आहे ना, तिला आईनं सगळं सांगून टाकलंय. ती पाटी उतरवता उतरवता मला म्हणाली, "आगो, घोरतंस त घोर. माजा दादला घोरतो त खाडीचा पानी हालतो. त्याला कोनी आयशीच्या घरा धाडला नाय." आई हसली. मी हसले नाही, पण बरं वाटलं.

रुचिरा


६ ऑक्टोबर १९९७

विश्वजीत,

तुझी ओळ आली नाही. आई माझ्या उशाशी बसून राहिली आणि तिनं जे पाहिलं ते तिनंच डॉक्टरांना सांगितलं. "आम्हाला वाटायचं, गाढ झोपलीय पोरगी," म्हणाली.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात मला एक रात्र झोपवलं. डोक्याला, छातीला, बोटाला तारा चिकटवल्या होत्या. सकाळी तिथले डॉक्टर कागदाची लांबलचक पट्टी घेऊन आले. म्हणाले, "तुम्ही रात्रभर झोपलाच नाहीत. डोळा लागतो, घसा बंद होतो, गुदमरता, मेंदू हलवून उठवतो, परत डोळा लागतो. तुम्हाला आठवत नाही, एवढंच."

मी तिथेच रडायला लागले. डॉक्टरांना वाटलं घाबरले. घाबरले नव्हते रे. मी आळशी नव्हते! माझी कधी झोपच झालेली नव्हती, आणि तरी मी तुमच्या घरच्या भाकऱ्या थापत होते. मला माझाच अभिमान वाटला. आयुष्यात पहिल्यांदा.

आत्याबाई, आता पुढचं नीट वाचा, चष्मा लावून वाचा. डॉक्टरांनी माझा चेहरा बाजूनं पाहिला आणि म्हणाले, खालचा जबडा लहान आहे आणि मागे आहे. झोपेत स्नायू सैल पडले की जीभ मागे सरते आणि वाट बंद करते. तुम्ही धरून सगळ्यांना दाखवलेली चिमणीएवढी हनुवटी ती हीच. माझ्या अंगात दुखणं कुठे असेल तर जे तुम्ही पसंत केलंत तिथेच आहे. तुम्हाला कुणी फसवलं नाही, तुम्ही हौसेनं निवडलंत.

उपाय दोन सांगितले. एक, नाकावर मुखवटा लावून हवा सोडणारं मशीन. परदेशातून आणावं लागतं. दुसरा, दातांवर बसवायचं एक उपकरण. ते खालचा जबडा पुढे धरून ठेवतं, म्हणजे जीभही पुढे राहते आणि घसा मोकळा राहतो. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांना लागू पडतंच असं नाही, पण तुमचा जबडा बघता आधी हेच करून पाहू. मग परत तपासणी.

जुन्या पनवेलात वडाळे तळ्याजवळ डॉ. कीर्ती म्हणून दातांच्या डॉक्टर आहेत. शाळेतल्या पोरांचे दात पुढे-मागे असले की जबडा सरकवायची उपकरणं त्या करतात. झोपेसाठी कधी केलं नव्हतं. मुंबईच्या डॉक्टरांनी दिलेली माहिती त्यांनी दोनदा वाचली आणि स्पष्ट म्हणाल्या, "मी पहिल्यांदाच करणार आहे. चुकलं तर परत करू. चालेल?" मी म्हटलं, "चालेल. लग्नापेक्षा बरं आहे, तिथे आधी कुणी असं विचारत नाही."

त्या इतक्या हसल्या की हातातला, दातांचं माप घ्यायचा गुलाबी लगदा वाटीतच घट्ट झाला. परत कालवावा लागला.

रुचिरा


२४ ऑक्टोबर १९९७

विश्वजीत,

उपकरण आलं. गुलाबी प्लॅस्टिकचं, वरच्या आणि खालच्या दातांवर एकदमच बसतं. माप घेताना डॉ. कीर्तींनी खालचा जबडा पुढे काढायला लावला, भांडायला निघालेल्या बाईसारखा, आणि मऊ मेणाची पट्टी तशीच चावून धरायला सांगितली. मला अवघड गेलं नाही. तसा चेहरा घेऊनच मी गेले दोन महिने बसले आहे.

खोटं बोलणार नाही, सुरुवातीला हाल झाले. तोंडातून लाळ गळायची, उशी भिजायची. पहिल्या काही दिवसांत झोपेतच मी ते उपसून पलंगाखाली फेकलं. सकाळी जबडा दुखायचा, वरचे-खालचे दात एकमेकांना भेटायचेच नाहीत, चहात बुडवलेला पावसुद्धा चावता येईना. डॉ. कीर्तींनी दोनदा घासून दिलं, जबडा जरा मागे घेतला. मग एक दिवस मी उठले, तर आई खिडकीपाशी उभी राहून डोळे पुसत होती. म्हटलं, "काय झालं गं?" म्हणाली, "काही नाही. तू घोरली नाहीस आणि तरी श्वास चालू होता."

डोकं दुखत नव्हतं. विश्वजीत, तुला कसं सांगू, सकाळ इतकी स्वच्छ असते हे मला माहीतच नव्हतं. लोक रोज असेच उठतात का? तू रोज असाच उठायचास आणि मला कधी बोलला नाहीस?

मागच्या आठवड्यात मामंजी येऊन गेले, हे तुला कळलंच असेल. मुंबईचं काम उरकून वाट वाकडी करून आले. आईनं केलेले घावन खाल्ले, हात धुवायला मोरीत गेले आणि आले ते घाईघाईनं निघालेच. मला वाटलं एसटी चुकेल म्हणून.

वसुबारस सोमवारी आहे. जावयाचा पहिला दिवाळसण असतो. बाबांनी तुझ्यासाठी कापड आणलंय, आईनं अनारशाचं पीठ केलंय. मी काही केलेलं नाही. फक्त बॅगेतून ती निळी साडी काढून इस्त्री केली आहे, कारण ती चुरगळली होती.

येशील ना?

रुचिरा


१० नोव्हेंबर १९९७

विश्वजीत,

आला नाहीस. अनारसे शेजारी वाटले.

तुझ्याऐवजी धर्मराजकाकांचा फोन आला. पलीकडच्या एसटीडी बूथवाल्यानं बाबांना हाक मारून नेलं. बाबा परत आले ते पांढरेफटक होऊन. काका म्हणाले, "घोरण्याचं एक वेळ सोडा हो, पण मुलीचे दात खोटे आहेत हेही सांगितलं नाहीत? उदयसिंहांनी स्वतः डोळ्यांनी मोरीत कवळी पाहिली. तेवीस वर्षांच्या पोरीला कवळी!"

म्हणजे मोरीतल्या फळीवर वाटीत पाण्यात ठेवलेलं माझं उपकरण मामंजींनी पाहिलं, आणि कुणाला काही न विचारता कराडभर माझे दात पाडले. मी आधी पोट धरून हसले. मग इतकी संतापले की वाटीच भिंतीवर मारणार होते. मारली नाही. आतली वस्तू माझ्या कामाची आहे.

मामंजी, हे पत्र तुम्हालाही वाचून दाखवतील अशी आशा आहे. तुम्ही स्वतः कवळी लावता, वाटीत ठेवता, म्हणून तुम्हाला ती कवळीच दिसली. पण कवळी बोळक्या तोंडात बसते. माझी वस्तू आपले, हिरड्यांत घट्ट रुतलेले, खरे दात असतील तरच बसते, कारण सगळा जबडा ती त्यांच्यावर तोलून धरते. डॉ. कीर्तींनी आधी एकेक दात हलवून पाहिला होता. बत्तीसच्या बत्तीस माझे आहेत. कुणाला शंका असेल तर त्यांनी यावं आणि बोट माझ्या तोंडात घालून पाहावं. चावणार नाही असं मात्र मी सांगत नाही.

आता रागाचं बाजूला ठेवते. आत्याबाई, हे तुमच्यासाठी आहे आणि यात एक अक्षरही टोमणा नाही.

मामंजी घावन खात होते तेव्हा मी समोर बसले होते. खाता खाता त्यांचे डोळे मिटले. बोटांत घावनाचा तुकडा तसाच. घोरायला लागले, मग आवाज एकदम बंद. छाती हलत होती, पण नाकातोंडातून वारा नाही. आणि मग पाण्यातून वर आल्यासारखा मोठा श्वास घेऊन दचकून जागे झाले आणि म्हणाले, "छान झालेत घावन." आईनं आणि मी एकमेकींकडे पाहिलं. मला तारा लावल्या तेव्हा त्या पट्टीवर हेच उमटलं होतं. ते जेवताना झोपतात, पेपर वाचताना झोपतात, आणि त्याच डोळ्यांनी स्कूटर चालवतात. त्यांना ब्लडप्रेशर आहे. डॉक्टर म्हणाले होते, हे तसंच सोडलं तर हृदयावर येतं.

मला नांदवा किंवा नांदवू नका, तो भाग वेगळा. त्यांना मुंबईला दाखवा. घर राखणारा आवाज मध्येच बंद पडतो, तेव्हा तुम्ही काय करता?

रुचिरा


४ डिसेंबर १९९७

विश्वजीत,

मामंजी स्कूटरवरून पडले हे काकांकडून कळलं. हात मोडला यावर निभावलं म्हणाले. रस्त्यात खड्डा होता म्हणे. मी तो रस्ता पाहिलाय. तिथे खड्डा नाही.

मी लिहिलं होतं. पत्र पोचलं होतं. त्यांना काही झालं असतं तर मी तुला आयुष्यभर माफ केलं नसतं, आणि हे मी सोडचिठ्ठीच्या कागदावर सही करून वर सांगितलं असतं.

मुंबईच्या डॉक्टरांचा पत्ता मागे लिहिला आहे. पनवेलहून मुंबई जवळ पडते. उतरायला घर आहे. आई म्हणते, त्यांना म्हणावं संकोच करू नका. मी म्हणते, संकोच जरूर करा, पण या.

रुचिरा


९ जानेवारी १९९८

विश्वजीत,

हे पत्र तुझ्या हातात न फोडता पडेल. फोडणाऱ्या आत्याबाई इथे माझ्यासमोर बसून तीळ निवडताहेत.

ती दोघं आली त्याला आता आठवडा होऊन गेला. दार मी उघडलं. मामंजी गळ्यात हात अडकवून उभे होते, माझ्याकडे बघेनात. आत्याबाई म्हणाल्या, "सतरांदा लिवलंस, ‘या, या.’ आलोय. आत घेणार हैस का न्हाई?" मी बाजूला झाले. पाया पडले नाही. त्यांनीही वाट पाहिली नाही.

मामंजींना इस्पितळात झोपवलं, तारा लावल्या. त्यांचं माझ्यापेक्षा पुष्कळ वाईट निघालं. माझ्यासारखं उपकरण त्यांना चालणार नाही, कारण ते बसवायला तोंडात दात हवेत, आणि त्यांच्या तोंडात कवळी आहे. हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते. मामंजी स्वतःच म्हणाले, "सूनबाई, हसायचं असलं तर हस. मीच कराडभर बोंब मारली." मग मात्र मी हसले. त्यांना मशीनच लागणार आहे, मुखवट्याचं. परवा इस्पितळात लावून पाहिलं. सोंडेच्या गणपतीसारखे दिसत होते. पहाटेपर्यंत कूस बदलली नाही. उठल्यावर म्हणाले, "कुणी मला रात्री दुसऱ्या गावाला नेलं होतं काय?"

बघ, त्यांना कुणी त्यांच्या आईकडे धाडलं नाही. कुणी बैठक बोलावली नाही. "लग्नात लपवलं" म्हणालं नाही. घरात सोंड आली तर सगळे म्हणताहेत, आणा, लवकर आणा. मला याचा आनंद आहे. आणि याचाच संताप आहे. दोन्ही लिहिते, कारण दोन्ही खरं आहे.

आत्याबाई माझ्या खोलीत झोपतात. पहिल्या रात्री मी उपकरण तोंडात घालताना त्या टक लावून बघत होत्या. म्हणाल्या, "दुखतं का गं?" मी बोलू शकत नव्हते, मान हलवली. सकाळी उठले तर त्या भिंतीला टेकून बसलेल्या. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. तर म्हणाल्या, "रात्रभर जागी हुते. सवयच हाय. ह्यांचा आवाज थांबला की मी कोपर मारते. लग्न झाल्यापास्नं मारतेय. थांबला की मारायचं, सुरू झाला की डोळा मिटायचा. मला वाटायचं, मी झोपले तर ह्यो माणूस जायचा. एवढ्या वर्सांत कुणाला सांगितलं न्हाई. काय सांगायचं? नवरा घोरतो म्हून?"

मी उपकरण काढून हातात घेतलं. त्या पुढे म्हणाल्या, "तुला घालवलं ते रागानं न्हाई. विश्वानं मला सांगितलं हुतं, हिचा श्वास थांबतो म्हून. मी म्हटलं, माझा जन्म पहाऱ्यात गेला. लेकाचा नको जायला."

म्हणजे तू सांगितलं होतंस. आईला सांगितलंस. मला वाटत होतं, तू कुणाला काहीच बोलला नाहीस. तू बोललास, पण मला सोडून, डॉक्टरला सोडून, बैठकीला सोडून. ते ऐकून मी आत्याबाईंवर ओरडले. होय, सासूवर ओरडले, शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. म्हटलं, "हे मला सांगायचं होतं! आपण दोघींनी मिळून मामंजींनाही तेव्हाच नेलं असतं." त्या ऐकून घेत होत्या. मग पदरानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "बरं. झालं ओरडून? चहा टाक." आणि मग झोपल्या, पार दुपार होईपर्यंत. त्यांच्या चहावर साय धरली, पण मी उठवलं नाही.

काल त्यांनी बूथवर जाऊन धर्मराजकाकांना फोन लावला. मी बाहेर उभी होते, तरी स्पष्ट ऐकू आलं. "ए धर्मा, पोरीचे दात तिचेच हायत. आनि फसवलं-बिसवलं कुनी न्हाई. हनुवटी धरून मीच पसंत केली ती. माझ्या घरात जिथं तू बोललास तिथंच येऊन हे बोलायचं, कळलं?" बूथवाला बिल फाडायचं विसरून ऐकत होता.

आता तुझं. परवा तुझं पत्र आलं. पहिलंच. ‘झालं गेलं विसरून ये, आता त्रास नाही म्हणून आई सांगते.’ इतक्या महिन्यांनी दीड ओळ. विश्वजीत, आता त्रास नाही म्हणून मी चालते, असं असेल तर मी येत नाही. उद्या माझं उपकरण मोडलं, मी घोरायला लागले, तर काय, परत आषाढ? तुझ्या आईनं उभा जन्म कोपर मारलं. तू महिन्यात गच्चीवर गेलास. घाबरला होतास हे मला कळतं. पण मीही घाबरले असते ना, मला सांगितलं असतंस तर. दोघं मिळून घाबरलो असतो.

आणि ऐक, मला तू हवा आहेस. हे लिहिताना आत्याबाई समोर आहेत आणि मला लाज वाटत नाही. बॅग मात्र मी रिकामी केली. सगळं कपाटात लावलंय. जागा होती की.

बुधवारी संक्रांत आहे. तू ये. न्यायला नाही, आम्ही तुला बघायला बोलावतोय. पोहे बाबा करतील, त्यांना छान जमतात. गाणं म्हणायला लावणार नाही, चालायला लावणार नाही. समोर आई, आत्याबाई, मामंजी आणि मी बसू. धर्मराजकाकांनाही आत्याबाईंनी बोलावलंय. प्रश्न एकच विचारू, "हिचा श्वास थांबलेला तू पाहिला होतास की नाही?" सगळ्यांच्या देखत, मान वर करून उत्तर द्यायचं.

पोहे खाऊन तू कराडला परत जा. पसंती मागाहून पत्रानं कळवू.

रुचिरा